बसा, मी ढकलणार नाही

आमचे सर कुठल्याही कंपनीत गेले की तिथले साहेब लोक उठून म्हणायचे, "या सर, बसा." आणि हे म्हणायचे, "तुम्ही बसा." मग रिक्षातून आणलेली चाकाची खुर्ची उलगडायची, दोन्ही टायर अंगठ्यानं दाबून बघायचे आणि ती समोर सरकवायची. वर एक वाक्य ठरलेलं, "मी ढकलणार नाही."

दुसऱ्याच्या कामात खोट काढण्यासाठीच जन्मलेली माणसं तुम्हीही पाहिली असतील. आमचे खुर्चीवाले सर त्यातले पहिल्या नंबरचे. त्यांच्यावर माझा राग आहे. तो अजून गेलेला नाही, हे आधीच सांगून टाकतो.

मी लासूर स्टेशनचा. वेल्डिंगच्या दुकानात पोरसवदा वयात हातोडा धरला आणि घासाघीस करत करत स्वतःचं शेड उभं केलं. पैठण रोडच्या एका कंपनीनं एका वर्षी 'समावेशन' नावाचा निधी काढला. बायका, अपंग, आजवर गेटच्या बाहेर राहिलेले सगळे, यांना कंपनीत जागा व्हावी म्हणून. त्यातला बराचसा हॉटेलातल्या शिबिरांवर आणि जेवणावर गेला. उरलेल्यात एक रॅम्प आणि एक रुंद दाराचं बाथरूम होतं, ते काम मला मिळालं. निधी एका संस्थेमार्फत यायचा आणि काम पास करायला संस्थेनं या सरांना धाडलं होतं.

पायऱ्यांच्या शेजारी मॅनेजरसाहेबांच्या गाडीचं शेड होतं. ते वाचवून उरलेल्या जागेत मी रॅम्प बसवला. आखूड होता, पण मजबूत. सर आले, बघितला आणि खुर्ची माझ्याकडे सरकवली.

"मी बसू?"

"तुम्हीच केलाय ना?"

बसलो. घणाचे हात माझे, मला वाटलं एका दमात वर जाईन. अर्ध्यात खांदे भरून आले, चाकं हातातून सुटली आणि मी उलटा खाली येऊन कुंडीवर आदळलो. लाइनवरच्या बाया तोंडाला पदर लावून हसल्या. माझं डोकं फिरलं. "खुर्चीच खराब हाय तुमची!" मी ओरडलो.

सरांनी शांतपणे टायर दाबला. "हवा बरोबर आहे. रॅम्प चुकलाय. फूटभर चढायचं तर बारा फूट लांबी लागते."

"सर, तुमच्या बारा फुटांत माझे बारा वाजतील. दोन पोरं लावून वर ढकलायचं. काय बिघडतंय? नायतर मधलं काढा, आठ फूट करू."

"उतारात घासाघीस नसते, शेठ."

गेटजवळ एक लोडिंग रिक्षा उभी होती. बिडकीनची एक बाई तिच्यात आपल्या चाकाच्या खुर्चीवर बसून हे सगळं बघत होती. वायरींचे जोड तपासायच्या कामासाठी कंपनीनं तिला बोलावलं होतं. भाऊ रिक्षा घेऊन आला होता. ती तिथूनच बोलली, "उचलून न्यायचं असंल तर मी येत नाय. घरी उचलतेतच की."

मी कुंडी सरळ करायला वाकलो. सर मात्र तिथूनच मॅनेजरच्या केबिनमध्ये गेले. आत काय झालं माहीत नाही, पण दुसऱ्या दिवशी गाडीचं शेड काढायचा निरोप आला. मी माझा रॅम्प माझ्याच हातानं कापला आणि लांब करून पुन्हा बांधला. जादा मजुरीचा विषय काढला तर सर आकाशाकडे बघायचे.

ती बाई रॅम्प चढली तो दिवस आठवतो. एकटी, न थांबता. सर मागं हात बांधून उभे. ती वर पोचली, दारातून आत गेली, तरी यांचं तोंड उघडेना. मी म्हणालो, "आता तरी बोला काही."

"तिच्या डाव्या चाकात हवा कमी आहे," सर म्हणाले.

एकदा चहाच्या टपरीवर मी विचारलं, "ही खुर्ची संस्थेची का?"

"नाही. घरातली."

"घरी कोण वापरतं?"

"वापरायची," एवढंच म्हणाले आणि कप धुवायच्या बादलीत ठेवून उठले.

मग पाऊस गेला. धरण तळाला लागलं. शहर बिडकीनच्या अंगानं वाढतच होतं, नवे रस्ते, नव्या कमानी आणि त्यांच्याखालून दिवसभर टँकर. कंपनीचं पाणी कापलं. बाथरूमचं काम तेव्हा सुरू व्हायचं होतं. मॅनेजरनं निधीची उरलेली रक्कम टँकरकडे वळवली. जुनं बाथरूम मोजायला मी टेप घेऊन गेलो होतो, तेव्हाच सरही आले.

मॅनेजर म्हणाले, "सर, सगळ्यांच्या पाण्याचा प्रश्न आहे. एका बाईच्या दाराचा नाही."

"पाणी सगळ्यांसाठी आणताय," सर म्हणाले, "पण ती पीत नाही. कामाला लागल्यापासून पीत नाही. सकाळी घरून निघते ती कोरड्या तोंडानं. या दारातून तिची खुर्ची जात नाही."

सरांनी खुर्ची उलगडली, टायर दाबले. "बसा. जेवणाच्या सुट्टीपर्यंत. मी ढकलणार नाही."

मॅनेजर हसले आणि बसले. त्यांना वाटलं फोटो काढायचा असेल. खुर्चीत बसूनच त्यांनी मीटिंग घेतली, चहा आला, पुन्हा आला, पाणी आलं. सुट्टी व्हायच्या थोडं आधी साहेबांनी चाकं फिरवली आणि बाथरूमकडे निघाले. दारात खुर्ची अडकली. मागं घेतली, पुन्हा घातली. पाय ठेवायची पट्टी चौकटीला लागून वाकली. लाइनवरच्या बाया बघत होत्या, पण या वेळी कुणी हसलं नाही. शेवटी साहेब उठले आणि चालत आत गेले.

सर पुढं झाले. दारातली खुर्ची ओढून काढली, एवढंच. साहेब बाहेर आले तेव्हा त्यांना सरांकडे बघवत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मला फोन आला, काम सुरू करा. त्याच दिवशी संस्थेलाही फोन गेला, तुमचा माणूस आमचा अपमान करतो. संस्थेची चूल या कंपनीच्या निधीवर पेटायची. सरांना काढून टाकलं. जाताना वाकलेली खुर्ची ते माझ्या शेडमध्ये ठेवून गेले. "पट्टी नीट करून ठेवा. काम बघायला येईन तेव्हा नेतो."

बाथरूम मी असं केलं की सांगायची सोय नाही. सरांच्याच खुर्चीत बसून आत गोल फिरलो, कोपर कुठं घासलं नाही. ती बाई आत जाऊन बाहेर आली. मग आपल्या टेबलावरची पाण्याची बाटली उचलली आणि माझ्यासमोर घटाघटा अर्धी केली. पदरानं तोंड पुसत म्हणाली, "सरांना सांगा, शेठ."

मी तिथूनच फोन लावला. "सर, झालं. झकास झालं."

"आत चाक पूर्ण फिरतं?"

"फिरतं."

"कडी बसून हाताला येते?"

"येते. पास म्हणा की आता."

"बघितल्याशिवाय कसं म्हणू?"

"मग या बघायला!"

"येतो," म्हणाले.

उद्घाटनाला मॅनेजरनं फीत कापली, भाषणात समावेशन हा शब्द पुन्हा पुन्हा आला, फोटोत मलाही उभं केलं. सरांचं नाव कुणी घेतलं नाही. मी भर मांडवात विचारलं, तर माइकचा आवाज मोठा केला. त्या कंपनीत मी पुन्हा पाय ठेवला नाही.

सर गेल्याचं मला फार उशिरा कळलं, तेही त्या बाईकडून. अचानक गेले, म्हणाली. म्हणजे काम बघायला आलेच नाहीत. माझ्या हातची इतकी कामं झाली, पण पास झालं नाही असं ते एकच. याला काय म्हणायचं, तुम्हीच सांगा.

खुर्ची अजून शेडमध्ये आहे. पट्टी सरळ केली, वर रंगाचा हात मारला. कुणी बसायला गेलं की मी ओरडतो. आणि कंप्रेसर चालू असला की तिच्या दोन्ही टायरमध्ये हवा भरतो, भरून झाली की अंगठ्यानं दाबून बघतो. त्यांना बोलायला जागा ठेवायची नाही.