दारातली वेडी बाभूळ

मी शाळेत असताना आमची चूल पेटायची ती वेड्या बाभळीवर. आई गावाबाहेरच्या पडीक रानातून फांद्या तोडून आणायची आणि संध्याकाळी आम्ही सुईने एकमेकींच्या पायांतले काटे काढायचो. हे झाड कुणी लावत नाही. ज्या जमिनीला कुणी विचारत नाही, तिथे ते माजतं.

मी शिकले. घराण्यातली पहिली ग्रॅज्युएट मीच, हे मुद्दाम सांगते. नोकरीमुळे ॲरिझोनात आले, फिनिक्सजवळ घर घेतलं आणि आईला बोलावलं.

गाडीतून उतरल्यावर ती घराकडे बघेचना. दारातल्या झाडाकडे बघत राहिली.

"अगं, ही तर येडी बाभूळ!"

"आई, याला मेस्किट म्हणतात. वाळवंटातलं झाड आहे."

"नाव बदललं म्हणून काटं जात्यात व्हय? बिल्डरनं पडीक जमीन गळ्यात मारली तुझ्या. एवढी शिकलीस, अन् जागा घेताना झाड बघितलं न्हाईस?"

मी हसण्यावारी नेलं, पण बिल्डरचं गोड बोलणं शब्दन् शब्द आठवू लागलं. शेवटी झाड तोडणाऱ्याला बोलावलंच.

त्यात शेजारची म्हातारी. रोज सकाळी फुटपाथवर झुकलेल्या फांदीची शेंग तोडायची, चावून बघायची, बाकीच्या शेंगा पिशवीत भरायची. आई पडद्याआडून पाळत ठेवून.

"शेंगा शेळ्या खात्यात. माणूस कशाला खाईल? करणी करतीया."

करवतवाला आला तशी तीच म्हातारी धावत आली. म्हणाली, "नका तोडू! झाड इथलंच आहे. प्रत्येक झाडाच्या शेंगांची चव वेगळी असते, याच्या शेंगांचं पीठ गोड होतं."

मी आईला मराठीत सांगितलं.

"बनवलेलं घिऊन ये म्हणावं. अन् आधी तिनं खायचं."

म्हातारीने घरून त्या पिठाची बिस्किटं आणली आणि हसत हसत एक खाल्लं. आई बराच वेळ तिच्या तोंडाकडे बघत राहिली, मग तिने चिमूटभर जिभेवर ठेवलं. झाडाजवळ जाऊन तिने पान बोटांत चोळलं.

"आपल्याकडच्या पानाला अशी लव नसती. ही तिची चुलतबहीण दिसतीया. हे हिचं माहेर." आणि लगेच, "तरी त्या बिल्डरवर माझा इस्वास न्हाई."

करवतवाल्याला मी परत पाठवलं. झाड उभं आहे, आणि त्याखालची जमीन माझ्या नावावर आहे. आमच्या घराण्यात आजवर कुणाच्याच नावावर जमीन नव्हती.