वीस वेळा उलटलेली बाटली

प्रयोगशाळेत तिला सगळे मोजणीताई म्हणत. रक्ताऐवजी शरीरात सोडायचं, प्राणवायू वाहून नेणारं, दुधासारखं पांढरं द्रव्य तिथे बनायचं. त्यातले थेंब यंत्राखाली धरून मोजायचे, हे तिचं काम. थेंब बारीक हवेत. मोठे झाले की बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, आणि जीव वाचवायला निघालेलं औषधच जिवावर उठतं.

तिच्याआधी हे काम तिथले एक म्हातारे कर्मचारी करायचे, सगळे त्यांना काका म्हणत. नमुना घेण्यापूर्वी ते प्रत्येक बाटली सावकाश वीस वेळा उलटीसुलटी करत, तोंडाने आकडे म्हणत. सगळे हसायचे, सर्वांत जास्त ही. काकांचे थेंब मोठे निघत, आठवड्यागणिक आणखी मोठे. म्हातारा हलवून हलवून थेंब एकमेकांत मिसळवतो, असं हिनेच प्रयोगशाळेच्या प्रमुख असलेल्या मोठ्या बाईंच्या कानावर घातलं. काकांची रवानगी बाटल्या धुवायला झाली. हिने बाटली न हलवता वरूनच नमुना घेतला, थेंब इवलेसे निघाले, आणि हिची कॉलर ताठ झाली.

सहा महिन्यांनी, एका सोमवारी, तिने कपाटातली जुनी बाटली उचलली. तळाशी पांढरा जाड थर बसला होता. हे थेंब पाण्याहून जड. बारके विरघळून मोठ्यांत जातात, मोठे आणखी वाढतात आणि खाली बसतात; वरून घेतलेल्या नमुन्यात येतात ते फक्त बारके. तिने बाटली वीस वेळा उलटून मोजलं. आकडा काकांचाच निघाला.

लाजेने तिची मान वर होईना. तरी ती गप्प राहिली. मंगळवारी गप्प, बुधवारी गप्प, गुरुवारीही तेच. शुक्रवारी पहिल्या रुग्णासाठी बाटल्यांची पेटी बांधायला घेतली, तेव्हा कुठे तिने मोठ्या बाईंना सगळं सांगितलं, काकांची केलेली चहाडीसुद्धा. बाईंनी पेटी थांबवली.

मग ती धुण्याच्या खोलीत गेली.

"काका, तुमचे आकडे खरे होते. मी तुमच्यावर खोटा आळ घेतला."

"खरे होते ते मला माहीत होतं," काका हात पुसत म्हणाले. "तुला कधी कळलं?"

'आत्ताच' हा शब्द अगदी ओठावर आला होता.

"सोमवारी," ती म्हणाली.

काकांनी हातातलं फडकं खाली ठेवलं. "माझं जाऊ दे गं. पण पेटी बांधेपर्यंत थांबलीस?"