पुडीतला कोळसा

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगतोय — का, ते विचारू नका.

माझे वडील रत्नागिरीजवळच्या खाणीवर जांभ्याचे चिरे काढायचे. घरी यायचे ते पापण्यांपर्यंत लाल होऊन. खाण बंद पडली की आई खाडीच्या चिखलात मुळे, म्हणजे खायचे शिंपले, वेचायची. ते विकून तांदूळ यायचे. त्यातून मी बी.एस्सी. झालो. घराण्यातला पहिला. याचा मला अभिमान होता, आजही आहे — हे लिहितानासुद्धा.

त्र्याऐंशी साली खाडीपलीकडे उत्खनन निघालं आणि मला हंगामी सहायक म्हणून घेतलं. वडिलांबरोबर खाणीत राबलेल्या गणूकाकांची कंबर गेली होती. त्यांना मीच तिथे कामाला लावलं. माती चाळायची आणि मजुरांचा चहा करायचा.

सगळ्यांत खालच्या थरात एक जुनी चूल लागली. तिच्यात कोळसा — जेमतेम एका पुडीपुरता. त्यावरून वय निघणार होतं. झाड जिवंत असतं तोवर हवेतला कार्बन घेत राहतं, त्यात थोडा किरणोत्सारी. झाड मेलं की आवक बंद. आतला मात्र ठरल्या गतीने घटत जातो, पावणेसहा हजार वर्षांत निम्मा. किती उरला ते मोजलं की झाड कधी मेलं ते कळतं. म्हणून कोळशाला हात लावायचा नाही, चिमट्याने उचलायचा. उत्खननाचे प्रमुख, आमचे सर, म्हणाले, "पुडी तुझ्या जबाबदारीवर."

ती होडीतून उतरताना माझ्या हातून खाडीत पडली.

एवढंच असतं तर — पण मी सांगितलं नाही. परत गेलो आणि चहाच्या चुलीतले विझलेले कोळसे नव्या पुडीत भरले. आदल्या वर्षी तोडलेल्या रायवळ आंब्याच्या फांद्या त्या. हे उघडं पडेल हे मला कळत नव्हतं? पुरतं कळत होतं. पण प्रयोगशाळेत रांग लांब असते. तोवर मी कायम झालेलो असेन.

गणूकाका भांडी घासत होते. "कोलसं कशाला नेतोस रं बाबल्या?"

"दात घासायला."

"कालेजात ह्येच शिकलास काय?" म्हणाले, आणि हसले.

पुढच्या हंगामात अहवाल आला. नमुना आजचा. सरांनी सगळ्यांना उभं केलं — खड्ड्यात विडी कोण ओढतं? जळक्या विडीचा तुकडा नमुन्यात मिसळला असणार.

मी म्हणालो, गणूकाका.

"मी वर येऊनच वडतो, सायेब," ते म्हणाले. मग माझ्याकडे बघितलं आणि गप्प झाले. का गप्प झाले? कोळसे आठवले का?

समजा, दोन हजार वर्षांच्या कोळशात दहावा हिस्सा विडी मिसळली तरी तो फार तर चार-पाचशे वर्षांनी तरुण दिसेल. कालचा दिसणार नाही. हे गणित मला येत होतं. सरांना येत नव्हतं? मग त्यांनी मान का डोलावली — मला वाचवायला, की नमुन्याच्या कागदावरची स्वतःची सही वाचवायला? पुढे कित्येक वर्षं त्यांनी "काय, बरं आहे ना?" एवढं विचारलं तरी मी त्यात काहीतरी शोधायचो. यंत्राला लाकूड कधी मेलं तेवढं कळतं. पुडीत ते कोणी घातलं, ते कळत नाही. माणसांना कळतं का?

बाबांनी त्यानंतर माझ्या कामाबद्दल कधी विचारलं नाही. गणूकाका ओटीवर त्यांच्याशी बोलत बसायला येतच होते. मी आलो की बोलणं थांबायचं — की तसं मलाच वाटायचं?

अहवाल आला त्याच आठवड्यात गणूकाकांना कामावरून काढलं होतं. ती कंबर घेऊन ते पुन्हा चिरेखाणीवर गेले. त्या जुन्या चुलीचं वय आजवर कोणाला कळलेलं नाही.

जूनमध्ये मला कायम नेमणुकीचं पत्र आलं. आमच्या घरातली पहिली सरकारी नोकरी. ती मी तीस वर्षं केली.