तीन तासांची वाट

अक्ताऊला समुद्राचं खारं पाणी गोडं करणारा कारखाना आहे. बाल्झान तिथे एकोणीस वर्षं पाणी तपासायचं काम करत होती. माहेर देशाच्या पार दुसऱ्या टोकाला, ओस्केमेनला. थोरला भाऊ तोलेगेन तिथे आईला सांभाळत होता. घरच्यांना न जुमानता तिने अक्ताऊच्या माणसाशी लग्न केलं, त्याची अढी तोलेगेनच्या मनातून कधी गेलीच नाही.

फेब्रुवारीतल्या एका सकाळी त्याचा फोन आला. आई गेली, उद्या दुपारी दफन, एवढंच तो बोलला. एक दिवस थांब म्हणून बाल्झानने गयावया केली.

"मोबाइलवर बघितलंय मी," तो म्हणाला. "दोन विमानतळांमध्ये चोवीसशे किलोमीटर. विमानाने तीन तास. यायचंच असेल तर येशील."

सरळ विमान असतं तर तीन तासच लागले असते. पण तसं विमान नव्हतं. विमान बदलायला ती संध्याकाळी अस्तानाला उतरली आणि हिमवादळाने पुढची वाट बंद झाली. अठरा तास ती तिथल्या थंडगार खुर्चीवर बसून होती. सारखे फोन लावत होती, तोलेगेन उचलत नव्हता. तिकडे गल्लीतल्या म्हाताऱ्यांनीही त्याला थांबायला सांगितलं होतं. तो बधला नाही.

ती पोचली तेव्हा दफन उरकून दोन तास झाले होते. माणसं मांस-रोटी खात बसली होती. रिवाजाप्रमाणे ती दारातूनच टाहो फोडत आत शिरली. बायकांनी तिला जवळ घेतलं. तोलेगेन जागचा हलला नाही.

"आल्या बाईसाहेब," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "तीन तासांच्या वाटेला दीड दिवस."

बाल्झानने डोळे पुसले. "तीन तासांचीच वाट आहे ना, दादा? मग एकोणीस वर्षांत एकदा तरी आलास? माझा नवरा गेला तेव्हा कुठे होतास?"

दुआ म्हणायला आलेला मोल्ला ताटाकडे बघत राहिला.

"तू आपल्या पायांनी गेलीस," तोलेगेन म्हणाला. "तुझ्या मागे धावायला मी तुझा गडी नाही."

आईच्या कपड्यांतलं काही आठवण म्हणून मिळेल का, असं तिने वहिनीला, रौशानला, विचारलं. सकाळीच सगळं वाटून झालं, असं रौशान मान खाली घालून पुटपुटली. आईच्या कपाटाला कुलूप होतं. बाल्झानने ते पाहिलं. दुसऱ्या दिवशी ती एकटीच कबरीवर गेली, बर्फात उभं राहून दुआ म्हटली आणि तशीच परतली.

चाळिसाव्या दिवसाच्या विधीला ती ओस्केमेनला गेली नाही. अक्ताऊच्या घरात तिने आईच्या नावाने सात शेल्पेक, गेलेल्या माणसासाठी वाटायच्या पोळ्या, तळल्या. टेबलावर फोन वाजत होता, तोलेगेनचं नाव दिसत होतं. तिने कढईखालची आच बंद केली, गरम पोळ्या फडक्यात गुंडाळल्या आणि शेजाऱ्यांना वाटायला बाहेर पडली.