बडवणार

कोथरूडच्या आमच्या सोसायटीत मी ड्रम वाजवायचे. कॉलेजात शिकले होते, नोकरी लागल्यावर पहिल्या बोनसमध्ये एक जुना सेट घेतला आणि मागच्या खोलीत मांडला. खिडकीला गादी लावली, खाली सतरंज्या टाकल्या, रविवारी सकाळी अकरा ते बारा एवढाच वेळ ठेवला. तरी दोन महिन्यांनी जिन्याखालच्या फळ्यावर सेक्रेटरींच्या अक्षरात सूचना आली: 'सभासदांच्या मुलींनी वाद्ये वाजवावीत, बडवू नयेत.' सोसायटीत वाद्य वाजवणारी मुलगी एकच होती.

बाबा निवृत्त शिक्षक. दूध घेऊन वर आले आणि म्हणाले, "शुद्धलेखन बरोबर आहे त्यांचं. आता तू काय करणार?"

"बडवणार," मी म्हटलं.

त्या आठवड्यात आमच्या चौघांच्या बँडमध्ये हे सांगितलं तेव्हा सगळ्यात जास्त राग आमच्या गायकाला आला. तो वऱ्हाडातला. नोकरीसाठी पुण्यात आला होता आणि बिबवेवाडीत पावडर कोटिंगच्या एका छोट्या कारखान्यात काम करायचा. कपाटांची दारं, खिडक्यांच्या जाळ्या यांच्यावर रंगाची कोरडी पूड फवारायची आणि भट्टीत भाजायची, हे त्याचं काम. त्याच्या बोलण्याला पुण्यात लोक हसायचे. तो समोर गप्प बसायचा आणि गाण्यात सगळं वसूल करायचा. गिटार आणि बेस वाजवणारे दोघे सख्खे भाऊ होते, शनिवार पेठेत राहणारे. दोघंही सॉफ्टवेअरमध्ये होते, धाकटा माझ्याच कंपनीत. सन दोन हजार उजाडायच्या आत जुन्या प्रोग्रॅममधली दोन आकडी सालं शोधून चार आकडी करायची, हे तेव्हा आमचं दिवसभराचं काम. दिवसभर असं मान मोडून बसल्यावर संध्याकाळी हातात काठ्या आल्या की बरं वाटायचं.

गायकाने सूचना जशीच्या तशी घेतली आणि तिच्यापुढे एकेक ओळ जोडली. मोठ्याने हसू नये, हसणार. जिन्यात उभे राहू नये, राहणार. वाद्ये बडवू नयेत, बडवणार. त्यात दोन-तीन शब्द अस्सल वऱ्हाडी होते. मोठ्या भावाने त्याखाली गिटारची अशी जड चाल घातली की पहिल्यांदा ऐकतानाच मी काठ्या उचलल्या.

ते गाणं आम्ही एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये वाजवलं. दुसऱ्या कडव्यापर्यंत समोरची मुलं नुसती बघत होती. मराठीत असलं काही असतं हे त्यांना नवीन होतं. तिसऱ्या कडव्याला मागून मुलींच्या घोळक्याने 'बडवणार' म्हणायला सुरुवात केली आणि मग सगळं मैदानच म्हणायला लागलं. कोणीतरी ते टेप केलं. कॅसेटवरून कॅसेट होत गाणं मुंबईच्या एका संगीत कंपनीपर्यंत गेलं आणि महिन्याभरात तिथले एक साहेब आम्हाला भेटायला आले.

साहेब सभ्य होते. गाणं आवडलं म्हणाले, आम्हाला मुंबईला नेऊन स्टुडिओत रेकॉर्डही केलं. व्हिडिओची गोष्ट निघाली तेव्हा मात्र त्यांनी यादी काढली. गायकाचे उच्चार शुद्ध करून ते शब्द पुन्हा गाऊन घ्यावे लागतील. आणि ड्रमवर एक मॉडेल मुलगा बसेल. मी पुढे उभी राहून कोरसमध्ये हात वर करायचे. चष्मा आणि पंजाबी ड्रेस रॉकच्या व्हिडिओत चालत नाही, असं त्यांनी समजावून सांगितलं.

मी त्यांना विचारलं की टेपवर ड्रम कोणाचे आहेत. तुमचेच, ते म्हणाले, पण लोक गाणं डोळ्यांनी बघतात.

"मग डोळ्यांनाही खरं दिसू द्या. मी नसेन तर हे गाणं तुम्हाला मिळणार नाही."

करारावर सह्या अजून व्हायच्या होत्या. बाकीचे तिघं काय म्हणतील हे मला माहीत नव्हतं. टीव्हीवर दिसायची संधी होती, आणि धाकट्याला ती किती हवी होती हे मला ठाऊक होतं. तो खाली बघत बसला. बोलला तो गायक.

"हे पोरगी नसन तं मी बी नाही, साहेब. आन् शब्द बी तेच राहतीन."

मग दोघा भावांनीही मान डोलावली, धाकट्याने जरा उशिरा. साहेबांनी फाईल बंद केली. व्हिडिओ तुमचा तुम्ही करा, ठीक वाटला तर चॅनेलकडे पाठवू, असं म्हणून ते गेले.

ती संधी त्यांनी आम्ही हरावं म्हणूनच दिली होती, असं मला आजही वाटतं.

गायकाच्या कारखान्याच्या मालकांनी गुरुवारी शेड वापरायला दिली. गुरुवारी कारखान्याला सुट्टी असायची, कारण त्या वारी दिवसभर लाईटच नसायची. म्हणून मांडववाल्याकडून जनरेटर आणला. फिल्म शिकणारी एक मैत्रीण कॅमेरा घेऊन आली. आदल्या दिवशीची पिवळी पूड शेडमध्ये सगळीकडे बसलेली होती, ती पुसू नका म्हणाली. मी रोजच्याच कपड्यांत आले होते. ओढणी कमरेला बांधली आणि बसले.

टेप लावायची आणि तिच्याबरोबर वाजवायचं, असे चार टेक झाले. चारही फिके. आम्ही कॅमेऱ्याकडे बघत होतो, एकमेकांकडे नाही. पाचव्या टेकला मधेच जनरेटर बंद पडला. दिवे गेले, टेप थांबली, गिटारही मुक्या झाल्या. फक्त अर्ध्या शटरखालून ऊन येत होतं.

मी थांबले नाही. का ते सांगता येत नाही. तोपर्यंत इतकी चीड साठली होती की हात थांबेनात. गायकाने माझ्याकडे बघितलं आणि माइकशिवाय, गळ्याच्या शिरा ताणून पुढची ओळ उचलली. भाऊ नुसत्या तारा ओढत माझ्यासमोर येऊन उभे राहिले. प्रत्येक ठोक्याला ड्रमवरची पिवळी पूड उडत होती, चष्म्यावर बसत होती, मला काही दिसत नव्हतं. मैत्रिणीचा कॅमेरा बॅटरीवर चालू होता. तिने तो शेवटपर्यंत बंद केला नाही.

नंतर ते चित्र रेकॉर्डिंगवर बसवलं तेव्हा लय जवळजवळ जुळली. जिथे नाही जुळली तिथे तिने पुडीचा ढग दाखवला.

व्हिडिओची कॅसेट मुंबईला गेली आणि दोन महिने काही कळलं नाही. मग एका दुपारी मी ऑफिसात असताना बाबांचा फोन आला. ते सहसा ऑफिसात फोन करत नसत.

"टीव्हीवर होतीस आत्ता," ते म्हणाले. मग म्हणाले, "चष्मा पुसायला हवा होतास." त्यांचा आवाज बरा नव्हता. पाणी प्या, मी म्हटलं.

पुढच्या आठवड्यात ते गाणं दिवसातून तीनदा लागायला लागलं. नागपूरहून, नाशिकहून कॉलेजांची बोलावणी आली. अमरावतीच्या कार्यक्रमात गायकाने त्याचे वऱ्हाडी शब्द उच्चारले तेव्हा मंडप असा उसळला की त्याला गाणं थांबवून डोळे पुसावे लागले. पुण्यात त्याच्या बोलण्याला हसणारे मी बघितले होते, म्हणून ते बघायला मी तिथे होते याचं मला बरं वाटलं.

साहेब पुन्हा आले. या वेळी पेढे घेऊन. दुसरं गाणं हिंदीत करू, मुलीला थोडा लूक देऊ, असं त्यांचं म्हणणं होतं. आम्ही पेढे खाल्ले आणि नाही म्हटलं. धाकट्याने तर आमच्याआधी म्हटलं.

त्यानंतर कंपनीने आम्हाला विचारलं नाही. दुसऱ्या गाण्याच्या कॅसेट आम्हीच काढल्या, त्या फारशा गेल्या नाहीत. दीड वर्षात दोघे भाऊ प्रोजेक्टवर अमेरिकेला गेले आणि बँड मोडला. एक गाणं गाजलं आणि संपले, असं लोक आमच्याबद्दल म्हणतात. म्हणोत. मला कधी कोणी विचारलं की हिंदी केलं असतं तर कुठे पोचला असता, तर मी सांगते की माहीत नाही, आणि जाणून घ्यायचंही नाही. ते गाणं आमच्या शब्दांत आहे, आणि त्यात ड्रमवर मी बसलेली दिसते.