जमनीचे तीन महिने

१७ जानेवारी १९६२ रोजी भीमसिंगाने पुसदच्या बाजारात दोन गाई एकशे पंच्याऐंशी रुपयांना विकल्या आणि थोरली बहीण जमनी हिला नागपूरला नेले. तिच्या गर्भाशयाच्या तोंडाशी कॅन्सर होता. मोठ्या दवाखान्यात रेडियम ठेवून उपचार झाले. तिचा नवरा खेमसिंग शेवटच्या दिवशी तिला न्यायला आला.

निघताना नर्स विमलताईंनी दोघांना समोर बसवून स्पष्ट सांगितले. आतली जखम ओली आहे, तीन महिने संबंध ठेवायचा नाही. रक्त दिसले तर ताबडतोब यायचे. हा रोग नवऱ्याला लागत नाही, रेडियम काढून घेतले आहे, तेव्हा जवळ बसायला, हात धरायला भ्यायचे कारण नाही. तपासणी झाल्यावरही तिची इच्छा असेल तरच, आणि दुखले तर तिथेच थांबायचे. खेमसिंगाने मान डोलावली.

बंजाऱ्यांच्या तांड्यात, आपल्या वस्तीत, पोचल्यावर त्याने वेगळेच पसरवले. रेडियमची आग हिच्या अंगात आहे, शिवाल तर रोग लागेल. जमनीचे ताट वेगळे झाले, बाज गोठ्यात गेली. विहिरीवर बाया तिला पाहून घागरी उचलून बाजूला होऊ लागल्या. तिने तेही सोसले असते. पण दिवसा तिच्या हातचे पाणी न घेणारा हा माणूस रात्री गोठ्यात येई. नको म्हटले तर तोंड दाबी. चौथ्या खेपेस रक्त थांबेना, तेव्हा भीमसिंगाने तिला पुन्हा नागपूरला पोचवले. डॉक्टरांनी रक्त थांबवले आणि तीन महिने नव्याने मोजायला सांगितले.

परतीच्या एसटीत भीमसिंग म्हणाला, खेमसिंगाचे पाय तोडतो.

"तू हात नको लावू, भिया," जमनी म्हणाली. "तू जेलात गेला त मले कोण पाह्यन? होळी येऊन राह्यली. मले तवरक थांबू दे."

ती तांड्यातच भावाच्या झोपडीत राहिली. अंगात जोर नव्हता, पण डोके शाबूत होते. एका सकाळी ती विहिरीवर गेली आणि तांडाप्रमुख नायकाच्या बायकोला, लालीबाईला, सगळ्या बायांसमोर गोठ्यातली गोष्ट सांगितली. काही लपवले नाही.

"मंग रोग लागत नाही का वं?" लालीबाईने विचारले.

"लागत असता त तो आला असता का?"

एक-दोघी हसल्या. मग कोणीच हसले नाही. त्या दिवशी जमनीची घागर लालीबाईने स्वतः उचलून दिली.

होळीला तांड्यात धुंड असते. वर्षात जन्मलेल्या मुलाच्या दारी गोडाचे भांडे ठेवतात, बाया काठ्या घेऊन ते राखतात आणि पुरुष ते पळवायला येतात. पुरुषाने मार खायचा, उलट हात उचलायचा नाही, आणि नायकाकडे तक्रारही न्यायची नाही. खेमसिंग दरसाल पुढे असे. यंदाही डोक्याला घोंगडी गुंडाळून पहिला तोच घुसला.

बायांनी बाकीच्या पुरुषांना वाट दिली. त्यांनी भांडे उचलून नेलेसुद्धा. सगळ्या काठ्या एकट्या खेमसिंगावर पडत होत्या.

"तुले रोग लागते ना रे?" लालीबाई मारता मारता विचारत होती. "मंग बाईजवळ कायले जात होता?"

तो खाली पडल्यावर बाया बाजूला झाल्या. जमनी हळूहळू पुढे आली. तिने एकच काठी मारली, उजव्या मनगटावर. हाड मोडल्याचा आवाज आला.

"ह्याच हातानं माहं तोंड दाबलं होतं," ती म्हणाली.

नियम सोडून तो नायक गुलाबसिंगाकडे गेलाच. होळीच्या माराची तक्रार मी ऐकत नाही, पण बायका तुझ्यावरच काहून चिडल्या ते सांग, असे नायक सर्वांदेखत म्हणाला. खेमसिंग मोडलेले मनगटच पुढे करत राहिला. मग जमनीने सांगितले. खेमसिंग मान खाली घालून उठला, आणि पुढे कधी तांड्याच्या बैठकीत बसला नाही.

तीन महिने पुरे झाल्यावर जमनी तपासणीला गेली. जखम भरली होती. आता नवऱ्याबरोबर राहायला हरकत नाही, असे डॉक्टर म्हणाले.

"मले हरकत हाय," जमनी म्हणाली आणि भावाकडे परतली.

खेमसिंगाचे मनगट वैदू उकंडाने बसवले, ते वाकडेच बसले. उकंडाची मजुरी सव्वातीन रुपये ठरली होती. खेमसिंगाने दोन रुपये दिले. सव्वा रुपया बाकी आहे.