कानातलं हिरवं पीक

शहापूरच्या एका छोट्या लॅबमध्ये मी नोकरीला लागले, त्याला जेमतेम सहा महिने झाले होते. रक्त-लघवीच्या तपासण्या हातात बसल्या होत्या. जंतू वाढवून ओळखायचं काम, म्हणजे कल्चर, आमच्याकडे नुकतंच सुरू झालं होतं.

एक दिवस डोळखांबकडच्या पाड्यावरच्या एक मावशी कानाच्या डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन आल्या. डावा कान वर्षभर वाहत होता. लग्नांत हळदीची गाणी म्हणायला सगळे त्यांनाच बोलावतात.

"मी म्हणते, पण मागून बायका काय म्हणतात ते ऐकूच येत नाय गो," त्या म्हणाल्या.

मी कापसाच्या काडीने कानातला पू घेतला, जंतूंचं खाद्य ओतलेल्या प्लेटवर काडीने रेघा ओढल्या आणि प्लेट उबेसाठी इन्क्युबेटरमध्ये ठेवली. दोन दिवस झाले तरी प्लेट कोरीच. 'वाढ नाही' असं लिहून मोकळी झाले असते, पण एवढा वाहता कान आणि त्यात जंतू नाहीत, हे मनाला पटेना. मावशींना फोन लावला.

"त्या दिवशी सकाळी कानात काही घातलं होतं का?"

"घातलं ना! डॉक्टरचे थेंब. तुमच्याकडं यायचं म्हणून जास्तच घातले. कान साफ नको दिसायला?"

मला हसू आवरेना. त्या थेंबांमुळेच प्लेट कोरी राहिली होती. डॉक्टरांना विचारून थेंब काही दिवस बंद केले आणि मावशींना परत बोलावलं. एसटीच्या नावाने कुरकुरत का होईना, त्या आल्या आणि मी पुन्हा पू घेऊन नवी प्लेट लावली.

दुसऱ्या दिवशी इन्क्युबेटर उघडला तर पिकल्या द्राक्षांसारखा गोडसर वास आला. प्लेट हिरवीगार! वाढीचा एक ठिपका तपासणीच्या पट्टीवर घासला, तो बघता बघता जांभळा झाला. स्यूडोमोनास. आजवर फक्त पुस्तकात बघितलेला जंतू. मी अक्षरशः ओरडले आणि लॅबच्या मॅडम हातातलं काम टाकून धावत आल्या.

मग कुठल्या औषधाने हा जंतू मरतो ते बघायला, औषधं लावलेल्या कागदी चकत्या दुसऱ्या प्लेटवर ठेवल्या. मावशींनी आधी खाल्लेल्या गोळ्यांच्या चकतीला जंतू अगदी खेटून वाढले होते. थेंबांच्या औषधाभोवती मात्र स्वच्छ गोल वर्तुळ. म्हणजे थेंब योग्यच होते; विचारलं तेव्हा कळलं, मावशी ते आठवण येईल तेव्हा घालत होत्या, इतकंच.

त्या रिपोर्ट न्यायला आल्या तेव्हा मी झाकण न उघडता त्यांना ती हिरवी प्लेट दाखवली.

"अगो बाय, हे तर भाताचं रोप!" त्या म्हणाल्या. "माझ्या कानात शेती चाललीय नि मलाच ठाऊक नाय!"

डॉक्टरांनी कान साफ केला. मावशींनी दोन आठवडे न चुकता थेंब घातले, कानात पाणी जाऊ दिलं नाही, आणि कान कोरडा झाला.

पुढच्या महिन्यात त्यांनी मला पुतणीच्या हळदीला नेलं. गाणं रंगात आलं असताना त्या मध्येच थांबल्या आणि मागे वळून एका बाईला म्हणाल्या, "ए, चुकलीस! नीट म्हण."

मांडवात हशा पिकला. मग त्यांनी मला पुढे ओढलं. मी तर तिच्याहून जास्त चुकले, पण हळद लागेपर्यंत मला कुणी उठू दिलं नाही.